मोजून दिलेलं पाणी

प्रयागबाई, तुमच्या घोट्यावर मी अंगठा दाबून धरला आणि उचलला, तेव्हा तिथं पडलेला खड्डा भरून यायला फार वेळ लागला. आपण दोघीही त्या खड्ड्याकडं बघत होतो. मग तुम्ही साडीचा काठ खाली ओढलात आणि म्हणालात, चहा ठेव. होळी नुकतीच होऊन गेली होती, ऊन अजून तापायचं होतं. त्या खड्ड्याचा अर्थ त्या घरात आपल्या दोघींनाच कळत होता, आणि बोलायचं दोघींनीही टाळलं. चहा मात्र मी अर्धा कपच दिला.

परवा तुमचा तेरावा झाला. लोक जेवून गेले, मांडव सुटला, सतरंज्या ज्याच्या त्याला परत गेल्या. आता तुमच्याशी भांडायला मला फुरसत मिळाली आहे. तुम्ही होता तोवर एकही भांडण पुरं होऊ दिलं नाहीत. मी तोंड उघडलं की वॉर्डात म्हणायचात तसं म्हणायचात, आधी हात धू, मग बोल. हात धुऊन येईपर्यंत तुम्ही दुसराच विषय काढलेला असायचा.

माझी पहिली नोकरी पालमकडच्या आरोग्य केंद्रातली. एसटीतून उतरले तेव्हा हातात ट्रंक होती आणि रडं आवरत नव्हतं. तुम्ही तिथल्या मोठ्या सिस्टर. मला बघून म्हणालात, रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, दुपारून लसीकरण आहे. आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी नेऊन पोटभर जेवायला वाढलंत. पुढं दोघींची बदली गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात झाली, घरंही एकाच गल्लीत घेतली, आणि माझी सासू मला जेवढं बोलली नाही तेवढं तुम्ही बोललात. त्या बोलण्याशिवाय मी नर्स झाले नसते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्यावरूनही चार शब्द सुनावले असते.

आपल्याकडं लोकांची सलाईनवर जेवढी श्रद्धा आहे तेवढी देवावरही नसेल. अंग मोडून आलं, लावा सलाईन. उपासानं चक्कर आली, लावा सलाईन. बाटली लटकली की नातेवाइकांपैकी कुणाचा तरी हात हळूच त्या नळीवरच्या चाकाकडं जायचा, लवकर संपवून शेवटची गाडी धरायची म्हणून. सुजल्या पायांच्या एका म्हाताऱ्याच्या मुलानं असंच चाक सोडलं होतं. तुम्ही धावत जाऊन नळी बंद केलीत आणि त्या मुलाला बापाच्या पाठीला कान लावायला लावलात. आत बुडबुड वाजत होतं. "तुझा बाप बुडायलाय," तुम्ही म्हणालात, "विहिरीत न्हाई, खाटंवर." तुमचं ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं आणि नव्या मुलींना मी ते सांगायचे. यंदाच्या उन्हाळ्यात ते आठवलं की माझ्या अंगावर काटा यायला लागला.

निवृत्त झाल्यावर तुम्हाला हृदयाचा झटका आला. त्यातून उठलात, पण परभणीच्या डॉक्टरांनी इको बघून आवाज खाली आणला. हृदयाचं पंपिंग फारच कमी झालं होतं आणि त्याच्यासोबत किडनीही थकली होती. एक गोळी दिली अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी. दुसरी हृदयाला जपणारी, पण अंगातलं पोटॅशियम धरून ठेवणारी. पुढचं आपल्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मीठ नावापुरतं. पाणी दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, वरण, गोळीवरचा घोट सगळं आलं. केळी, मोसंबी, नारळपाणी बंद, कारण त्यात पोटॅशियम भरपूर आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. पाणी साचलं तर माणूस धापा टाकतो, सुजतो, निदान आपल्याला दिसतं तरी. पोटॅशियम साचलं तर काही दिसत नाही, हृदय चालता चालता थांबतं. हेही तुम्हीच शिकवलेलं.

उन्हाळा निघाला पाहिजे, एवढंच डॉक्टर म्हणाले. मृग लागला, हवा गार झाली की शरीर जरा सावरेल, मग पुढचं बघू. मी मनाशी ठरवलं की तुम्हाला मृगापर्यंत न्यायचं. काकांवर सोपवून भागणार नव्हतं. तुमच्या या नवऱ्यानं सगळी हयात डोंगराच्या वळणांवरून एसटी चालवली, पण तुम्ही पाणी मागितलं की त्यांचा धीर सुटायचा. म्हणून तुमच्या पाण्याचा जिम्मा माझ्याकडं आला.

सकाळी ड्यूटीला जायच्या आधी मी यायची. तुम्ही लघवीला जाऊन आलात की चहाच्या आधी तुम्हाला वजनकाट्यावर उभं करायची. एका दिवसात वजन एकदम चढलं तर ते जेवण नसतं, ते पाणी असतं. मग बाटली भरून ओट्यावर ठेवायची, ती दिवसभर पुरवायची. ग्लास मी आत उचलून ठेवला होता, त्याच्या जागी लहान वाटी काढली होती, म्हणजे भरलेली तरी वाटेल. तोंड कोरडं पडलं तर गुळणी करून थुंकायची, बर्फाचा खडा ठेवायचा, वेलदोडा चघळायचा, ओल्या फडक्यानं ओठ टिपायचे. हे सगळे उपाय तुमच्याकडूनच शिकलेले, आणि आता मी ते तुमच्यावरच चालवत होते. तुम्ही वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणायचात, लय शहाणी झालीस. मला बरं वाटायचं. तुम्ही टोमणे मारत होता तोवर मला धीर होता.

मग ऊन तापलं. सकाळीच गल्लीतली माती पायाला चटका द्यायला लागली, कूलर गरम वारा फेकायला लागला. दवाखान्यात ऊन लागलेली माणसं यायला लागली. मी दिवसभर वॉर्डात त्यांना ओरडून ओरडून पाणी पाजायची, साखर-मिठाचं पाणी घोटघोट घ्या, अजून घ्या, लाजू नका. आणि तिथून निघून तुमच्याकडं यायची आणि तुमची वाटी अर्धी भरायची. त्या दिवसांत मला स्वतःचीच चीड यायची. एका खाटेवर जे औषध, तेच दुसऱ्या खाटेवर विष. आपल्या धंद्यात हे नवं नाही, पण दोन्ही एकाच हातानं द्यायची वेळ माझ्यावर याआधी आली नव्हती.

तुमच्या उशा वाढत होत्या. आधी एक होती, मग दोन झाल्या. मग तुम्ही खुर्चीत बसून झोपायला लागलात आणि मला सांगितलंत की कूलरचा वारा खुर्चीवर बरा लागतो. मी हो म्हटलं. आडवं झालं की श्वास कोंडणाऱ्या माणसांना आपण किती वेळा पाठीशी उशा देऊन बसवलं आहे, आणि तुम्ही मला वाऱ्याची दिशा सांगत होता. तुमच्या मानेवरची शीर तुम्ही बसलेल्या असतानाही उभी दिसायची. तुम्ही पदर मानेभोवती घ्यायला लागलात. इतक्या उन्हाळ्यात मानेभोवती पदर कोण घेतं, बाई?

तेवढ्यात तुम्ही परभणीच्या दवाखान्यातून घरी आल्याची खबर पालमकडच्या गावांमधून पोचली आणि माणसं यायला लागली. ज्यांची बाळंतपणं तुम्ही केली, ज्यांच्या पोरांना सुया टोचल्या, ज्यांना खोकल्याच्या गोळ्या वेळेवर घ्या म्हणून शिव्या घातल्या, ती सगळी. आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पूर्वी बिस्किटाचा पुडा चालायचा. आता दवाखान्यापुढं नारळाच्या गाड्या लागल्यापासून सगळ्यांनी एकच ठरवलं आहे, आजाऱ्याला शहाळं. तुमच्या खाटेखाली शहाळी रचली जायला लागली. मी आत आले की आधी खाटेखाली बघायची. रोज ढीग वाढलेला असायचा आणि मला ती हिरवी शहाळी बघूनच धडकी भरायची.

आणि आणलं एवढ्यावर कुठलं भागतं. आजाऱ्यानं ते आपल्यासमोर प्यावं, त्याच्या तोंडावर तरतरी यावी आणि ती डोळ्यांनी बघून आपण गाडीला जावं, असा त्यांचा हट्ट. मी एकदोघांना दारातच समजावलं तर ते हसले. सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणे, नारळपाण्यासारखं थंड काही नाही. तुम्ही आतून ऐकत होता. ते गेल्यावर माझ्यावरच घसरलात की माझ्या दारात आलेल्या माणसाला हटकणारी तू कोण.

सोपान आला त्या दिवशी तर आपलं कडाक्याचंच झालं. डोंगरातला मेंढपाळ माणूस. त्याच्या बायकोचं बाळ आडवं आलं होतं तेव्हा तुम्ही जीपमध्ये तिच्याशेजारी बसून तिला नांदेडपर्यंत नेलं होतं. मेंढरं भावाच्या हवाली करून, दोन गाड्या बदलून तो आला आणि उपरण्यात बांधलेलं शहाळं त्यानं तुमच्या पायाशी ठेवलं. मी तुमच्याकडं बघून मान हलवली. तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाहीत. काकांना कोयता आणायला सांगितलात आणि त्याच्यासमोर घोट घेतलात. तो गेल्यावर मी तुम्हाला म्हणाले की भीड ही भिकेची बहीण असते, हे तुम्हीच मला शिकवलंय.

"तू नर्स म्हणून बोलायलीस," तुम्ही म्हणालात. "तो काय पेशंट बघाया आला होता का? तो मला बघाया आला होता."

मग आपला तह झाला. लोकांसमोर शहाळं ओठाला लावायचं, घोटभर घेतल्यासारखं करायचं आणि ते गेले की बाजूला ठेवायचं. न फोडलेली शहाळी मी पिशवीत घालून वॉर्डात न्यायची आणि ऊन लागलेल्या पेशंटना द्यायची. मला वाटलं, सुटलं. तुम्ही इतक्या शहाण्यासारखं कबूल झालात तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण कबूल होणं हा तुमचा स्वभावच नव्हता.

वजन काट्यावर चढत नव्हतं आणि पाय तर सुजतच होते. हा हिशेब काही जमेना. काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः उभी राहून बघितलं, काटा बरोबर होता. मग एका सकाळी तुम्ही काट्यावर चढताना आधारासाठी माझा खांदा धरलात आणि तुमचं मनगट माझ्या नाकासमोर आलं. पाटल्या नव्हत्या. लग्नापासून न उतरलेल्या त्या जाड पाटल्यांच्या जागी फिकट पट्टा उरला होता. मग मी नीट बघितलं. जोडवी नव्हती. गळ्यातली बोरमाळ नव्हती. आणि नेहमीच्या इरकलीऐवजी तुम्ही विरलेला सुती गाऊन घातला होता. रोज एकेक वस्तू काढत आला होता. वजन नेहमी त्याच कपड्यांत घ्यायचं, नाहीतर पेशंट तुम्हाला फसवतो, असं नव्या मुलींना ओरडून सांगणाऱ्या तुम्ही, नर्सला फसवत होता.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी त्यावर म्हणाले असते, एरवी हसलेही असते. त्या वेळी मात्र तडक मी काकांना विचारलं. काका बिचारे सरळ माणूस. म्हणाले, तू ड्यूटीवर असतेस तेव्हा सकाळपासून लोक येतात, मी शहाळं फोडून देतो आणि ही पिते. "अगं संगीता, ते पाणी थोडंच हाय," ते मला समजावून सांगायला लागले, "ते नारळ हाय. दवाखान्यात बी देतेत की लोकं." तुमचं पाणी त्यांनी थेंबभर वाढवलं नव्हतं. बाटली माझ्या हिशेबानं तंतोतंत पुरवली होती. नारळ त्यांच्या लेखी त्या हिशेबात बसतच नव्हता, आणि तुम्ही त्यांना तो बसवून दाखवला नव्हता.

मी तुमच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि तुमचा हात धरून विचारलं, "बाई, तुमाला मरायचंय का?"

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "मला पाणी प्यायचंय."

मी म्हणाले, लोकांच्या भिडेपायी तुम्ही जीव घालवायला निघालात. तुम्ही मान हलवलीत. "कुणाची भीड न्हाई न् काई न्हाई, संगे. तहान लागतीय मला. जीभ टाळूला चिकटतीय. समद्यांना म्हणत आले, थोडी कळ काढा. कळ काढायची म्हंजे काय असतंय ते मला ठावंच नव्हतं."

तुम्हाला एवढं उघडं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. तुमचा हात हातात होताच, म्हणून सवयीनं बोटं नाडीवर गेली. नाडी संथ होती. माझ्या बोटांखाली ती एकदा आली, मग वाट बघायला लावून पुन्हा आली, मग एक ठोका चुकला. मी तुम्हाला उभं राहायला सांगितलं आणि तुमच्या पायांना जोर लागेना. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होता. मी काही बोलायच्या आत म्हणालात, रिक्षा बोलाव.

दवाखान्यात ईसीजी काढला. तुम्ही मला शिकवलं होतं, पट्टीवर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या त्या झोपड्या, उभ्या राहिल्यासारख्या उंच टोकदार लाटा दिसल्या की पोटॅशियम समजायचं आणि पळायचं. आपल्या शिवारात ऊस लागला की फडाकडेला कोप्या पडतात, त्यामुळं आपल्याकडच्या मुलींना हे एकदा सांगितलं की पुरतं. मशीनमधून पट्टी सरकत बाहेर आली आणि त्यावर एकीला लागून एक कोपी होती. मी ती हातात दाबून धरली. तुम्ही हात पुढं केलात. द्यावी का नाही हे मला कळेना. तुम्ही हात तसाच धरून ठेवलात, म्हणून दिली. तुम्ही ती उजेडाकडं धरून वाचलीत, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

डॉक्टरांनी हृदय सावरायला कॅल्शियम सांगितलं. मी सिरिंज भरून तुमच्या शिरेला लावली तेव्हा तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "हळू दे. भ्यायली म्हंजे माणूस घाई करतंय." मी हळू दिलं. मॉनिटरवरच्या कोप्या हळूहळू बसत गेल्या. मग पोटॅशियम उतरवायला ग्लुकोजमधून इन्सुलिन दिलं, औषधाचा वाफारा दिला, ॲम्ब्युलन्स आली आणि आपण परभणीला निघालो. वाटेत तुम्ही मला विचारलंत की वॉर्डात माझी ड्यूटी कोण करतंय. मी सांगितलं, मग तुम्ही तिच्या हाताला नावं ठेवलीत. मला वाटलं, जिंकलो आपण.

जिंकलो नव्हतो. हृदय त्या दिवशी थांबलं नाही, पण किडनीनं अंग टाकलं ते टाकलंच. लघवीची पिशवी रिकामीच लटकत राहिली. मोठ्या डॉक्टरांनी डायलिसिसचं बोलून बघितलं आणि स्वतःच म्हणाले की हे हृदय ते सोसणार नाही, मशीनवर असतानाच काही होईल. तुम्ही त्यांना सगळं नीट विचारलंत, आकडे विचारलेत, गोळ्या विचारल्यात. मग काकांना म्हणालात, घरी चला. काकांना वाटलं बरं वाटतंय म्हणून सोडलं. त्यांनी वाटेत तुमच्यासाठी नवी उशी घेतली.

आज मला तुमचा राग येतो, तो इथं येऊन अडतो. तुम्ही मला फसवलंत. आयुष्यभर दुसऱ्याच्या सुजल्या पायांवर बोटं ठेवणाऱ्या बाईला स्वतःचे पाय दिसत नव्हते असं नाही. सगळं दिसत होतं. तुम्ही स्वतःच्या मरणाचा ईसीजी काढण्याआधीच वाचला होता आणि तरी नारळ फोडायला लावत होता. मला सांगितलं असतं तर मी बर्फाचे खडे वाढवले असते, डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घेतली असती, दाराला कुलूप घातलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, म्हणूनच नाही सांगितलं. हे भांडण आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतं, आणि माझी बाजू दिवसेंदिवस लंगडी पडत चालली आहे.

दहाव्याला नदीवरून परत येताना काका माझ्याबरोबर मागं राहिले. घाटाच्या पायऱ्यांवर थांबून त्यांनी मला विचारलं, "नारळानं झालं का गं?" त्यांच्या हातात ओलं धोतर होतं आणि ते पिळायचं त्यांना सुचत नव्हतं. मी म्हणाले, नाही काका, हृदयच संपलं होतं. ते अर्धं खरं आहे. दुसरं अर्धं मी तुमच्याकडं ठेवते आहे. काकांना तुम्हीही हेच सांगितलं असतंत, याची मला खात्री आहे. तेवढ्यापुरतं आपलं एकमत आहे.

तुमच्या शेवटच्या दुपारी गल्लीत माणूस नव्हतं. उन्हानं सगळे दारं लावून बसले होते. काका ओसरीवर बसल्या बसल्या डुलकी घेत होते. तुम्ही त्या नव्या उशीला टेकून बसला होता आणि श्वास खांद्यांनी ओढत होता. मी तुमचे पाय चोळत होते. बाहेर एवढी आग, आणि तुमची पावलं थंडगार, तो गारवा पिंडऱ्यांवर चढत होता. मी चोळणं थांबवलं नाही, पण चोळून उपयोग नाही हे माझ्या हातांना कळलं होतं.

तुम्ही म्हणालात, "संगे, पाणी."

मी उठले. ओट्यावर बाटली होती, बाटलीशेजारी वाटी होती. मी त्यांच्याकडं न बघता फडताळातला मोठा ग्लास काढला, माठात बुडवला आणि काठोकाठ भरला. पाणी माझ्या बोटांवरून सांडलं. तसाच ओला ग्लास घेऊन मी तुमच्यासमोर उभी राहिले.

तुम्ही ग्लासाकडं बघितलंत. मग माझ्याकडं बघितलंत. सगळा उन्हाळा मी तुमच्यापासून जे लपवत होते आणि तुम्ही माझ्यापासून लपवत होता, ते मी तुम्हाला त्या ग्लासानं सांगून टाकलं होतं. बोलून सांगायची माझी छाती झाली नसती.

"भरून आणलास?" तुम्ही विचारलंत.

मी हो म्हणाले.

मी तुमच्या मानेमागं हात घातला. तुम्ही दोन घोट घेतलेत. गिळायला वेळ लागला, पण गिळलेत. तिसऱ्याला ओठ मिटलेत आणि बोटांनी ग्लास माझ्याकडं सरकवलात.

"बास," तुम्ही म्हणालात. "राह्यलेलं तू पी. सकाळधरनं तुझ्या पोटात पाणी न्हाई."

खरंच नव्हतं. मी तुमच्यासमोर उभी राहून तो ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, आणि तुम्ही मी पिईपर्यंत माझ्याकडं बघत होता.